बर्लिनमध्ये निर्वासितांना कोडिंग शिकवणं: मला सतत येणारे प्रश्न

२०१९ पासून आठवड्यातून दोन संध्याकाळी मी बर्लिनमधल्या एका फुकट कोडिंग शाळेत शिकवते. दिवसा नोकरी, संध्याकाळी हे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर वर्गाचा एखादा फोटो टाकला की तेच तेच प्रश्न येतात, पुण्याहून सांगलीहून पण येतात, आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करून आता बोटं दुखायला लागलीत. म्हणून हे एकदाच. सगळं जर्मनीपुरतं आहे, आणि कागदपत्रांचे नियम दर वर्ष-दोन वर्षांनी हलतात, त्यामुळे कुणाच्या केसचा प्रश्न असेल तर माझ्या शब्दावर न जाता सल्ला केंद्रात विचारा, बर्लिनमध्ये तो सल्ला फुकट मिळतो.

१. निर्वासित म्हणजे नक्की कोण? आपणही बाहेरूनच आलोय की!

आपण ऑफर लेटर घेऊन विमानाने आलो आणि दिवाळीला घरी जाऊन येतो. त्यांना परत जाता येत नाही, हा फरक. १९५१ च्या जिनिव्हा करारात व्याख्या आहे, की धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी छळ होईल अशी रास्त भीती असलेला माणूस. पण जर्मनीत प्रत्यक्षात बरेच प्रकार पडतात: आश्रयाचा अर्ज पेंडिंग असलेले, अर्ज मान्य झालेले, आणि अर्ज फेटाळला पण परत पाठवता येत नाही म्हणून राहू दिलेले, त्या कागदाला इथे डुल्डुंग म्हणतात. युक्रेनचे लोक अजून वेगळे, त्यांना मार्च २०२२ पासून युरोपियन युनियनच्या खास नियमाखाली थेट संरक्षण मिळालं. माझ्या वर्गात हे सगळे एकाच बाकावर असतात, पण खिशातला कागद वेगळा आणि नोकरीचं सगळं त्या कागदावर (प्रश्न ८ बघा).

२. या शाळा सुरू कधी झाल्या?

२०१५ मध्ये जर्मनीत साधारण ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले. बर्लिनच्या बंद पडलेल्या टेम्पलहोफ विमानतळाच्या हँगरमध्ये लोकांना ठेवलं होतं. त्याच सुमारास निर्वासितांना कोडिंग शिकवणारी इथली रेडी स्कूल निघाली. संस्थापिकेला निर्वासितांच्या वसतिगृहात एक इराकी तरुण भेटला, कॉम्प्युटर सायन्स शिकलेला, पण हाताशी लॅपटॉपच नाही, ही त्यांची सुरुवातीची गोष्ट. २०१६ मध्ये वर्ग सुरू झाले. अशाच शाळा म्हणजे त्याच वर्षी अॅमस्टरडॅमला हॅकयुवरफ्यूचर, लंडनला कोडयुवरफ्यूचर, आणि २०१७ मध्ये स्वित्झर्लंडला पॉवरकोडर्स. मी कुठल्या शाळेत शिकवते ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत.

३. फी किती असते?

शून्य. कंपन्या आणि फाउंडेशन पैसे देतात, शिकवणारे फुकट शिकवतात. लॅपटॉप असतात ते कंपन्यांनी वापरून टाकलेले, त्यांच्या बॅटऱ्या गेलेल्या, त्यामुळे प्लगजवळची खुर्ची पकडायला लोक वीस मिनिटं आधी येतात.

४. त्यांना कॉम्प्युटर येतो का आधी, की माऊस धरण्यापासून सुरुवात?

दोन्ही, आणि तेही एकाच वर्गात, हीच गोची आहे. एक जण दमास्कसमध्ये बँकेच्या आयटीत दहा वर्षं काढून आलेला, त्याला डेटाबेस माझ्यापेक्षा चांगला कळतो, आणि शेजारी बसलेल्या मुलाने आयुष्यात फक्त फोन वापरलाय. हा फोनवाला मुलगा ढ नाही हं, त्याने तीन देश गुगल मॅपवर पार केलेत, पण फोल्डर म्हणजे काय ते त्याला माहीत नाही कारण फोनने ते कधी दाखवलंच नाही. डाउनलोड केलेली फाईल गेली कुठे, यात आमच्या दोन संध्याकाळ गेल्या. आता आम्ही आधी सहा आठवड्यांचा बेसिक वर्ग घेतो, मगच कोडिंग. तो वर्ग कुणालाच घ्यायला आवडत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

५. शिकवता काय नक्की?

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपान बनवायच्या भाषा, आणि गिट, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन. मग कुणी रिअॅक्टकडे (जावास्क्रिप्टमधलंच तयार साधन) जातं, कुणी पायथन (दुसरी प्रोग्रामिंग भाषा) आणि एसक्यूएलकडे (डेटाबेसची भाषा). वेबपासूनच का, तर कितीही मरतुकडा लॅपटॉप असला तरी ब्राउझर चालतो आणि पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर स्वतःचं नाव दिसतं. थकून आलेल्या माणसाला ते लागतं.

६. कुठल्या भाषेत शिकवता? अरबी येतं का तुम्हाला?

चार शब्द. शिकवणं इंग्रजी-जर्मन खिचडीत, मग बाकावर एकमेकांत अरबी, दारी, तिग्रिन्या, युक्रेनियन असं भाषांतर सुरू होतं, वर्ग म्हणजे दादर स्टेशन. ते मी थांबवत नाही, कारण ज्याने समजावून सांगितलं त्याचंच पक्कं होतं.

खरी मजा वेगळीकडेच आहे. एकदा एका अफगाण मुलाचा फॉर्म चालेना. वय टाकलं की जावास्क्रिप्ट म्हणणार हा नंबर नाही. कोड तीनदा वाचला, चूक सापडेना. मग लक्षात आलं की कीबोर्ड फारसीवर होता आणि वय त्याने ۲۳ असं टाकलं होतं. मी त्याला माझं २३ लिहून दाखवलं, ते पण चालेना! आपले देवनागरी आकडे आणि त्याचे फारसी आकडे, जावास्क्रिप्टला दोन्ही सारखेच परके. पायथनला मात्र दोन्ही कळतात, मजकुरातला आकडा त्यात नंबर करून घेता येतो. त्या दिवशी तो पायथनकडे वळला तो कायमचा.

अरबी-फारसी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे कोडमध्ये अरबी वाक्य घातलं की कर्सर उड्या मारतो, स्वल्पविराम भलतीकडे दिसतो, आणि नवीन माणसाला वाटतं आपणच काहीतरी मोडलं. आणि जर्मन कीबोर्ड! महिरपी कंस काढायला उजवीकडचं ऑल्टजीआर दाबून ७ आणि ०, चौकटी कंसाला ८ आणि ९, वाय आणि झेड अदलाबदल झालेले. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या शंका या कोडच्या नसतातच, कंस कुठे आहे याच्या असतात. मी एक पुठ्ठ्याची पट्टी करून प्रत्येक बाकावर चिकटवलीय.

७. बर्लिनमध्ये इंग्रजीवर भागतं ना? मग त्यांना जर्मनची सक्ती कशाला?

माझं भागलं कारण मी नोकरी हातात घेऊन आले. स्टार्टअपमध्ये चालतं इंग्रजी, पण तिथे एका ज्युनियरच्या जागेला अख्ख्या जगातून अर्ज येतात. जिथे गर्दी कमी, म्हणजे लहान गावातली कंपनी, नगरपालिका, हॉस्पिटलचं हेल्पडेस्क, तिथे जर्मन लागतंच, आणि नुसतं बी१ (भाषेची मधली पातळी) पुरत नाही, फोनवर चिडलेल्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. सरकारी इंटिग्रेशन कोर्स साधारण ७०० तासांचा, ६०० भाषेचे आणि १०० देशाच्या माहितीचे. तो दिवसा असतो, म्हणून आमचा वर्ग संध्याकाळी सहाला, म्हणजे सकाळपासून क्रियापदं घोकून आलेल्या डोक्याला आम्ही लूप शिकवतो. माझं मत विचाराल तर दोन्हीत निवड करायची वेळ आली तर आधी जर्मन करा. हे मी कोडिंग शिकवणारी सांगतेय.

८. त्यांना नोकरी करायला परवानगी असते का?

अर्ज मान्य झाला असेल तर कुठलीही नोकरी, आपल्यासारखी ब्लू कार्डाची (डिग्रीवाल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) पगाराची अट पण नाही. युक्रेनवाल्यांनाही तसंच. अर्ज पेंडिंग असेल तर पहिले ३ महिने बंदी, सरकारी निवाऱ्यात राहत असाल तर ६ महिने, आणि त्यानंतरही एकेका नोकरीसाठी परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून परवानगी आणायची. डुल्डुंगवाल्यांचं केसगणिक. आणि घाना, सेनेगल, बाल्कनमधले काही देश यांना सरकार सुरक्षित देश मानतं, तिथून आलेल्याने ३१ ऑगस्ट २०१५ नंतर अर्ज केला असेल तर त्याला साधारणपणे काम करताच येत नाही. असे दोघे माझ्या वर्गात होते, दोघंही हुशार, दोघांनाही मी काय सांगणार.

कंपनीच्या एचआरला हे काही माहीत नसतं, निर्वासित म्हटलं की कटकट नको म्हणून फाईल बाजूला. खरं तर त्यांच्या राहण्याच्या परवान्यावर एक ओळ छापलेली असते, काम करायला परवानगी आहे की नाही ते त्यात सरळ लिहिलेलं असतं. परवानगी असेल तर ती ओळ बोटाने दाखवून मोठ्याने वाचायची, याची आम्ही वर्गात रंगीत तालीम घेतो.

९. मग घरबसल्या फ्रीलान्सिंग करू दे की, त्याला कुठे परवानगी लागते?

लागते. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यातच लोक सगळ्यात जास्त फसतात. ज्याचा अर्ज पेंडिंग आहे त्याला स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, आणि फ्रीलान्सिंग म्हणजे स्वतंत्र व्यवसायच, मग गिऱ्हाईक कॅनडातलं असलं तरी. अर्ज मान्य झालेल्याला चालतं, पण तो जॉबसेंटरचा भत्ता घेत असेल तर मिळालेला प्रत्येक युरो कळवायचा. ओळखीच्या रेस्टॉरंटची वेबसाइट करून रोख १५० युरो घेतले असं एकाने मला अगदी अभिमानाने सांगितलं, आणि मला त्याचा चेहरा पाडावा लागला. तेव्हा आपल्या मंडळींनी प्लीज, मदत म्हणून कुणाला असं हातावर पैसे देऊन काम देऊ नका. त्याची केस खराब होते.

१०. डिग्रीचे कागद मागेच राहिले असतील तर?

इथे आयटीचा एक मोठा फायदा आहे. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांना जर्मनीत सरकारी मान्यतेशिवाय काम करता येत नाही, प्रोग्रामरला असलं काही लागत नाही. कंपनीने घेतलं की झालं. फक्त स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचं असेल तर जपून, ती पदवी कायद्याने राखीव आहे, आपल्यासारखं उठसूट लावता येत नाही. कागद नसतील तर दाखवायला केलेलं काम हवं, म्हणून गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) दोन-तीन नीट प्रोजेक्ट. दहा अर्धवट नकोत. कामांची यादी ठेवणारं टूडू लिस्टचं अॅप तर नकोच, एचआरने त्या हजार पाहिल्यात.

११. खरं सांगा, नोकरी लागते का?

काहींना. २०२१ मध्ये ज्याला रिअॅक्ट बरं येत होतं त्याला इंटर्नशिप मिळत होती. आता ज्युनियरच्या जागा आटल्यात आणि कोर्स करा, डेव्हलपर व्हा असं मी कुणाला छातीठोक सांगत नाही. काही संस्थांची पत्रकं अजून तसंच सांगतात, ते मला पटत नाही.

जे चालतं ते असं. एक म्हणजे आउसबिल्डुंग, कंपनीत काम आणि सोबत शाळा, ३ वर्षांचं, पगारासकट, शेवटी उद्योग मंडळाची परीक्षा. आयटीत त्याला फाखइन्फॉर्माटिकर म्हणतात, त्यात प्रोग्रामिंगची एक शाखा आणि नेटवर्क-सिस्टिमची एक, या दोन्ही चालतात. डुल्डुंगवाल्याला याचा दुसरा पण फायदा आहे, आउसबिल्डुंग चालू असेपर्यंत आणि नंतर त्याच क्षेत्रात नोकरी लागली तर पुढे २ वर्षं राहता येतं, लोक त्याला तीन अधिक दोन म्हणतात. पण अडतीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला वीस वर्षांच्या पोरांबरोबर शिकाऊ म्हणून बसायचं जिवावर येतं. आमच्या दमास्कसच्या बँकवाल्याने दीड वर्ष नाही नाही म्हणून शेवटी केलं. आता त्याच कंपनीत सर्व्हर सांभाळतो.

दुसरं म्हणजे आधीचा धंदा आणि कोड यांची सांगड. युक्रेनमधल्या खारकीव्हच्या एक अकाउंटंट बाई होत्या, त्यांनी एसक्यूएल शिकून रिपोर्टिंगची नोकरी मिळवली, कारण ताळेबंद त्यांना आधीपासूनच वाचता येत होता. तिसरं हेल्पडेस्क आणि टेस्टिंग. त्याला नाक मुरडू नका.

१२. एआयने कोड लिहायला घेतल्यावर हे शिकवण्यात अर्थ आहे का?

वर्गात एआय वापरतात सगळे, मी पण. फक्त त्याने दिलेला कोड ओळीओळीने मला समजावून सांगायचा अशी अट आहे. अर्ध्या लोकांना ते जमत नाही आणि तिथूनच शिकवणं सुरू होतं.

१३. बायकांचा वेगळा वर्ग कशाला?

कारण मिश्र वर्गात त्या येत नव्हत्या, आणि कारण नवरा नको म्हणतो एवढंच नव्हतं (असतं ते पण). मुलं कुठे ठेवायची हा प्रश्न होता. शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला दोन जण ठेवले आणि वर्ग भरला. २०२२ नंतर तर युक्रेनहून आलेल्यांत बायका आणि मुलंच जास्त, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. मुलं सांभाळणाऱ्यांसाठी पैसे मिळवणं लॅपटॉपसाठी मिळवण्यापेक्षा कठीण आहे, लॅपटॉपचा फोटो चांगला येतो ना.

१४. मलाही शिकवायचंय. ब्लू कार्डवर चालतं का? मी सीनियर नाहीये, जमेल?

बिनपगारी स्वयंसेवा ब्लू कार्डवर चालते. वर्गात अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पोलिसांचा दाखला मागतात, स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो.

सीनियर नसलात तर उलट बरं. आमच्याकडे एक भारी माणूस आला होता, मोठ्या कंपनीत आर्किटेक्ट, पहिल्या संध्याकाळी तासभर मायक्रोसर्व्हिसेस समजावले, दुसऱ्या आठवड्यात उशिरा, तिसऱ्या आठवड्यात रिलीज आहे म्हणून मेसेज, मग मेसेज पण नाही. त्याचे बारा विद्यार्थी बाहेर पॅसेजमध्ये उभे होते. यांच्या आयुष्यात सरकारी तारखा आधीच रोज पुढे जातात, त्यात तुमची भर नको. एक सेमिस्टर, म्हणजे चार महिने, ठरलेल्या संध्याकाळी सहाला हजर राहता येणार असेल तर या. नसेल तर प्रश्न १८ मधलं ऑनलाइन काम करा, तेही खूप आहे.

१५. ते कसे आले, काय भोगलं, विचारलं तर चालतं का?

नाही. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील, बहुतेक वेळा सिगरेट ब्रेकमध्ये आणि भलत्याच विषयातून.

आणि न विचारताही आपण विचारून बसतो. माझा पहिल्या वर्षीचा पहिला प्रोजेक्ट होता ‘माझं गाव’, एक पान, तीन फोटो, थोडी माहिती. मला वाटलं किती छान. सीरियातल्या होम्सचा एक मुलगा तासभर गुगलवर आपल्या गल्लीचा फोटो शोधत बसला, मिळाले ते सगळे पडलेल्या इमारतींचे. तो काही बोलला नाही, लॅपटॉप मिटून पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही त्या दिवशी. आता पहिला प्रोजेक्ट असतो आवडत्या पदार्थाची रेसिपी. त्यात पण रडू येतं कधी कधी, पण नंतर कुणीतरी तो पदार्थ करून आणतं.

जन्मतारखेचा फॉर्म पण असाच. तपासणी शिकवताना मी सगळ्यांना आपापली तारीख टाकायला सांगितली तर पंधरातल्या सहा जणांची १ जानेवारी. मला वाटलं कोडमध्ये बग आहे. बग नव्हता, ज्यांच्याकडे दाखला नसतो त्यांची तारीख सरकारी नोंदीत बऱ्याचदा १ जानेवारी लागते. आपल्याकडे शाळेत मास्तर १ जून लावायचे तसंच! मी हे सांगितलं तर ते हसले, मग माझ्या आजोबांची १ जून मी फळ्यावर लिहिली.

१६. विद्यार्थी मधेच गायब होतात असं ऐकलंय. इंटरेस्ट नसतो का?

इंटरेस्ट असतो. पिवळं पाकीट येतं. जर्मनीत सरकारी निकाल टपालाने पिवळ्या पाकिटात येतो, आणि अर्ज फेटाळला असेल तर कोर्टात जायला साधारण २ आठवडे, काही केसमध्ये १ च. मग त्या पंधरा दिवसांत फक्त वकील, दुभाषी, कागद. कुणाला दुसऱ्या गावातल्या निवाऱ्यात हलवतात. कुणाला डिलिव्हरीची रात्रपाळी लागते आणि घरी पैसे पाठवायचे असतात, तिथे जावास्क्रिप्ट थांबतं. आम्ही एकदा फोन करतो, ओरडत नाही, आणि पुढच्या बॅचमध्ये पुन्हा पहिल्यापासून न बसवता सोडलं तिथून घेतो.

१७. सीरियातल्या नातेवाइकांना पण ऑनलाइन शिकवता येईल का, असं ते विचारतात. काय सांगायचं?

वाचायला पाहायला भरपूर फुकट आहे, फ्रीकोडकॅम्पसारखं. पण अमेरिकन निर्बंधांमुळे २०१९ मध्ये गिटहबने सीरिया, इराण, क्रिमियातल्या अकाउंटवर बंधनं घातली होती, इराणची २०२१ मध्ये उठली, सीरियाची २०२५ मध्ये सैल झाली. अशा गोष्टी देशागणिक बदलतात, तेव्हा कोर्स ठरवण्याआधी तिथून काय उघडतं ते तिथल्या माणसाकडूनच तपासून घ्या. पैसे मिळण्याबद्दल प्रश्न ९ सारखाच घोळ, अजून मोठा.

१८. मी पुण्यात आहे. इथून काही करता येईल? आणि भारतातल्या निर्वासितांचं काय?

इथून म्हणजे मॉक इंटरव्ह्यू आणि कोड तपासणं. आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे तुमचे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. जेवण उरकून बसा. इंटरव्ह्यूत मुद्दाम वेगळ्या उच्चाराचं इंग्रजी ऐकायची सवय लागते, त्यामुळे आपला मराठी उच्चार इथे गुणच समजा.

भारताचं वेगळं आहे. भारताने १९५१ चा करार केलेला नाही, निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. दिल्लीत अफगाण, रोहिंग्या अशा लोकांकडे संयुक्त राष्ट्रांचं कार्ड असतं पण त्याने नोकरीचा हक्क मिळत नाही, त्यामुळे कौशल्य शिकवलं तरी पुढचं दार बंद. तिबेटी लोकांची स्थिती बरी, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, विदर्भातल्या वाचकांना माहीत असेल. आणि आपल्याला हे सगळं फार नवं वाटायचं कारण नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे ठेवलं त्या उल्हासनगरला अजून कॅम्प नंबर चारच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला साधारण पाच हजार पोलिश लोक राहिले होते, त्यांच्या शाळा होत्या तिथे. माझं आजोळ कोल्हापूरचं. हे मी इथे एका पोलिश सहकारी बाईंना सांगितलं तर त्यांना वळिवडे नाव आधीच माहीत होतं, आणि मी मात्र बर्लिनला आल्यावर ते पहिल्यांदा नीट वाचलं.

१९. जुना लॅपटॉप द्यायचाय, कसला चालेल?

आठ जीबी रॅम असेल, स्क्रीन फुटलेली नसेल तर चालेल. बॅटरी गेलेली चालते. डिस्क पूर्ण पुसून द्या, मागे एकाने लग्नाचे सगळे फोटो आणि टॅक्सचे कागद ठेवूनच दिला होता. चार्जर सोबत द्या, चार्जर नसलेले सात पडून आहेत. आणि भारतातून आणलेला असेल तर आधी मला सांगा, त्यावर शिफ्ट दाबला की महिरपी कंस येतो, वर्गात त्यासाठी नंबर लागलेले आहेत.